नऊ ओळी घेवड्याच्या

‘नमस्कार. मी मिरजेची, वय 63. कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. मुलगी आयर्लंडमध्ये डब्लिनला नोकरीला आहे, तिनं येत्या जूनमध्ये आम्हा दोघांना महिनाभर बोलावलंय. आयरिश कवी येट्सची ‘द लेक आइल ऑफ इनिसफ्री’ ही कविता, इनिसफ्री बेटावर जाईन, झोपडी बांधीन, घेवड्याच्या नऊ ओळी लावीन म्हणणारी, मी इतक्या वर्गांना शिकवली की झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन. त्या भागात गाइडबरोबर कवितांच्या जागा चालत बघता येतात, असं मुलगी म्हणते. तिनं दोन पर्याय काढलेत. एक, डब्लिनहून बसची एका दिवसाची सहल. दुसरा, तीन दिवस छोट्या गटाबरोबर चालायचं आणि मग उत्तरेला शेमस हीनी या दुसऱ्या आयरिश कवीच्या गावी जायचं. हे रेल्वेतून निवृत्त झालेत. यांचं म्हणणं, कविता घरात बसून वाचता येते, तिला बघायला कशाला जायचं? आणि त्या आयरिश लोकांचा आपल्याशी संबंध काय? मला खर्चाचं अपराधी वाटतं, डावा गुडघा कुरकुरतो, तिकडचे उच्चार कळतील की नाही ही धास्ती आहे. पण खरी भीती वेगळीच आहे. ते बेट बघितलं आणि कविताच विटली तर? शेवटची दहा-पंधरा वर्षं उरलीत, त्यांत तेवढी कविता तरी शाबूत राहावी असं वाटतं. ता. क. बारावीच्या वर्गात एका मुलानं विचारलं होतं, मॅडम, घेवड्याच्या ओळी नऊच का? तेव्हा मी विषय बदलला होता.’

सप्रेम नमस्कार.

बसची सहल घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत लिहिता येईल. डब्लिनहून स्लायगोला, म्हणजे येट्सच्या मुलखात, जायला तीन तास, यायला तीन तास. मधल्या वेळात जेवण, एक धबधबा, येट्सचं थडगं आणि दुकानात शिरून चहाचा मग घेणं. इनिसफ्रीसमोरच्या धक्क्यापर्यंत जो रस्ता जातो तो आपल्या शेताच्या गाडीवाटेपेक्षा फार रुंद नाही. समोरून ट्रॅक्टर आला तर लहान गाडीलासुद्धा मागं सरावं लागतं, तिथं पन्नास माणसांची बस कुठून जाणार? म्हणजे ज्या एका जागेसाठी तुमचा जीव अडकलाय ती सोडून बाकी सगळं दिसेल.

आता त्या भीतीकडे येते. खरं सांगू? बेट बघून तुमची निराशा होणार आहे. पहिली दहा मिनिटं तरी नक्की. मी एका मे महिन्यात तिथं उभी होते. लॉख गिल हे सरोवर मोठं आणि देखणं आहे, पण त्याच्या एका कडेला, काठापासून हाकेच्या अंतरावर झाडाझुडपांनी भरलेला एक उंचवटा पाण्यातून वर आलाय, तेच इनिसफ्री. तिथं मातीची कुडाची झोपडी नाही, मधमाश्यांची पेटी नाही. घेवडा लावायला सपाट तुकडा शोधावा लागेल. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका जर्मन बाईंनी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं नकाशाकडे बघितलं, आणि दोघांनी मिळून पुढचं बेट तर नव्हे ना म्हणून लांबवर नजर टाकली.

पण ही कविता त्या काठावर लिहिलेलीच नाही, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. 1888 साली येट्स तेवीस वर्षांचा होता, लंडनमध्ये राहत होता. फ्लीट स्ट्रीटवरून जाताना घराच्या आठवणीनं जीव कासावीस झालेला, तेवढ्यात कुठून तरी पाण्याचा बारीक आवाज आला. बघतो तर एका दुकानाच्या काचेमागे छोटं कारंजं ठेवलेलं आणि त्याच्या धारेवर एक चेंडू तोललेला. जाहिरातीचा खेळ तो. त्या आवाजावरून त्याला सरोवराच्या काठाला लागणाऱ्या लाटा आठवल्या आणि कविता सुरू झाली. ती 1890 मध्ये छापून आली. शेवटच्या कडव्यात तो ‘पेव्हमेंट्स ग्रे’ म्हणतो, तो करडा फरसबंद रस्ता म्हणजे लंडनचा फुटपाथ. सगळी कविता ‘मी उठेन आणि जाईन’ यावर उभी आहे, आणि तो तिथं राहायला कधीच गेला नाही. तेव्हा काठावर उभं राहून तुम्हाला जे थोडं रितं वाटेल ती काही फसगत नव्हे. त्यालाही त्या जागेचं दुरून वाटणंच हवं होतं.

एक गंमत सांगते, वर्गात सांगायला राहून गेली असेल तर. कोवळ्या वयात त्यानं एकदा ठरवलं की इनिसफ्रीसमोरच्या स्लिश वुड नावाच्या रानात रात्र काढायची. तेव्हा तो स्लायगोत मामाकडे राहत असे. रात्रभर सरोवराच्या काठानं चालला, झोप काही धड झाली नाही, दुसऱ्या दिवशी थकूनभागून घरी आला. मामाच्या घरची मोलकरीण त्याला बघून हसत सुटली. तिची खात्री होती की पोरगा रात्री भलतीकडे गेला होता आणि रानाची थाप मारतोय. ‘दमणारच की बाई माणूस’ अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणायची आणि हा लाजेनं लाल व्हायचा. ही हकिकत त्यानं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलीय. मला इनिसफ्रीच्या धक्क्यावर ती मोलकरीणच आठवली आणि मग ते बेट मला एकदम आवडलं.

स्लिश वुड म्हणजेच येट्सच्याच ‘द स्टोलन चाइल्ड’ या कवितेतलं ‘स्ल्यूथ वुड’. तिथली वाट सावलीतली, बरीचशी सपाट आणि पाण्याच्या कडेनं जाणारी आहे. तुमच्या गुडघ्याला चालेल. बेटाचं दर्शन धक्क्यावरून घेण्यापेक्षा इथून घ्या असं मी सुचवीन, कारण इथं गाडी लावून उतरलं-फोटो काढला-निघालो असं होत नाही. अर्धा तास चालल्यावर ते झाडांतून हळूच दिसतं. पार्कच्या किल्ल्याजवळून सरोवरात बोटीही जातात, पण बेटावर उतरवतात का हे आधी विचारा. बहुधा वळसा घालून परत आणतात.

आणि जांभळा रंग. ‘नून अ पर्पल ग्लो’ शिकवताना तुम्ही काय सांगायचात मला माहीत नाही, मी विद्यार्थी असताना आमच्या सरांनी ढगांवर ढकललं होतं. इनिसफ्री हे आयरिश नाव, अर्थ हेदरचं बेट. हेदर हे बुटकं, जांभळ्या फुलांचं झुडूप. दुपारच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब पाण्यात पडतं, तोच हा जांभळा उजेड. जूनमध्ये हेदर नुकतं कुठं फुलायला लागलेलं असतं, पुरता रंग ऑगस्टकडे चढतो. म्हणजे तेही तुम्हाला अर्धंच दिसणार, आत्ताच सांगून ठेवते.

मग गाइड हवा की नको? हवा, पण कवितेसाठी नको. कविता तुम्हाला येते. गाइड हवा नावांसाठी, जमिनीसाठी आणि तिथल्या माणसांच्या भानगडींसाठी.

मला त्या प्रवासात दोन गाइड भेटले. पहिला फार गोड गळ्याचा होता. प्रत्येक वळणावर थांबायचा, डोळे मिटायचा आणि कविता म्हणायचा. ऐकायला छान वाटलं, पण तिसऱ्या कवितेनंतर मला आकाशवाणीवर बसल्यासारखं झालं. एक शब्द अडला म्हणून विचारला तर त्यानं ती ओळ पुन्हा, आणखी हळू म्हणून दाखवली. दुसऱ्या दिवशीच्या बाई त्याच गावात वाढलेल्या. त्यांनी दिवसभरात जेमतेम दोन कविता वाचल्या. पण वाटेत पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, वास घ्या. मी नाक नेलं. ओल्या नारळाचा वास! अगदी खोवणीवर नारळ खवताना येतो तसा. त्या झुडपाचं नाव गॉर्स, आणि त्याचा वास नारळासारखा येतो हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक असतं. झुडपांच्या कुंपणावर एक तपकिरी पाखरू बसलं होतं, चिमणीएवढं, छातीवर जरा तांबूस. ‘हा तुमचा लिनेट,’ त्या म्हणाल्या. ‘ईव्हनिंग फुल ऑफ द लिनेट्स विंग्ज’ मधला लिनेट! इतकी वर्षं माझ्या मनात तो कुठला तरी निळा-जांभळा, झुपकेदार शेपटीचा पक्षी होता. प्रत्यक्षात आपल्या अंगणातल्या चिमण्यांच्या पंगतीत बसला तर कुणी वळून बघणार नाही. पण तो उडाला तेव्हा एकटा उडाला नाही. झुडपातून दहा-पंधरा एकदम उडाले, फुर्र करून. संध्याकाळ पंखांनी भरलेली कशी असते ते मला तेव्हा कळलं. असा गाइड मिळाला तर तीनही दिवस त्याच्याबरोबर चाला.

म्हणून पैसे भरण्याआधी मुलीला आयोजकांना चार गोष्टी विचारायला सांगा. गट किती जणांचा आहे (बाराच्या वर असेल तर मागच्याला ऐकू येत नाही). रोज किती किलोमीटर चालायचं आणि चढ किती. मधूनच थांबलं तर परत न्यायला गाडी आहे का. गाइड त्याच भागातला आहे का. पाचवा प्रश्न तुमच्या वतीनं मीच घालते: रोज थोडा वेळ गटाला एकटं सोडतात का? जो कार्यक्रम सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत भरगच्च असतो, तो कितीही विद्वान माणसानं आखला असला तरी मला सोसत नाही.

गुडघ्याचं झटपट उरकते. नॉकनारे डोंगरावर चढू नका. उंची फक्त 327 मीटर आहे, पण पायऱ्या आणि उतार गुडघा खातात. वर दगडांचा प्रचंड ढीग आहे, दंतकथेतल्या राणी मेव्हची समाधी म्हणतात. तो अजून कुणी खणलेला नाही, आणि त्याच्यावर चढू नका अशी विनंती असते. खालून, स्ट्रँडहिलच्या किनाऱ्यावरून तो डोंगर आणि वरचा ढीग फार छान दिसतो. समोर समुद्र, हातात आइस्क्रीम. बेन बल्बेनच्या माथ्यावरही जाऊ नका. वर दलदल आहे, जमीन खाजगी आहे, आणि धुकं उतरलं की भले भले चुकतात. त्याच्या पायथ्याला रानातून वळसा घालणारी चांगली वाट आहे, ती घ्या. तो डोंगर 526 मीटरचाच आहे, पण सपाट माथ्याचा आणि सुरी फिरवल्यासारख्या कडांचा. आपल्याकडच्या माणसाला बघताक्षणी सह्याद्रीतला एखादा गड वाटतो, तटबंदी तेवढी शोधावीशी वाटते.

ग्लेनकार मात्र चुकवू नका. गाडीतळापासून धबधब्यापर्यंत फरसबंद वाट, पाच मिनिटांची. ‘द स्टोलन चाइल्ड’मध्ये पऱ्या मुलाला पळवून नेतात, तेव्हा या धबधब्याखालच्या डबक्यांचा उल्लेख येतो, एक तारासुद्धा धड अंघोळ करू शकणार नाही एवढी लहान डबकी. ती तशीच आहेत, लव्हाळ्यांत. त्याच खोऱ्यात आणखी एक धबधबा आहे, वारा उलटा आला की त्याचं पाणी वर उडतं. तुम्ही पावसाळ्यात नाणेघाटात गेला असाल तर तिथल्या उलट्या धबधब्याची आठवण येईल. रेल्वेसाहेबांना हे आधी सांगू नका, तिथं गेल्यावर दाखवा.

ड्रमक्लिफला येट्सचं थडगं आहे, स्लायगोपासून उत्तरेला आठेक किलोमीटर. कल्पना केली असेल तशी शांतता नाही, शेजारून हमरस्ता जातो आणि मालाचे ट्रक धडधडत असतात. ‘हॉर्समन, पास बाय’ असं त्यानं स्वतःच्या दगडावर कोरून घेतलं, आणि आता घोडेस्वारांऐवजी ट्रकवाले न थांबता जातात. मला ते चांगलंच वाटलं. दगड कवितेत सांगितल्याप्रमाणे साधा चुनखडीचा आहे, संगमरवर नको म्हणाला होता. इथं गाइडला एक प्रश्न हमखास विचारा: आत नक्की कोण आहे? येट्स 1939 मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये वारला, तिथंच पुरला. मग युद्ध आलं. 1946 मध्ये तिथली थडगी उकरून हाडं अस्थिगृहात टाकली गेली. 1948 मध्ये ती गोळा करून आयरिश नौदलाच्या जहाजातून घरी आणली. ती त्याचीच होती का, यावर फ्रेंच राजनैतिक अधिकाऱ्यांना तेव्हाच शंका होती, हे 2015 मध्ये उजेडात आलेल्या कागदांवरून दिसलं. आणि त्या वेळी आयर्लंडचा परराष्ट्रमंत्री कोण होता? शॉन मॅकब्राइड. ज्या मॉड गॉनला येट्सनं पुन्हा पुन्हा मागणी घातली आणि जिनं दर वेळी नाही म्हटलं, तिचा मुलगा. तिथल्या गाइडना ही गोष्ट सांगताना विशेष रंग चढतो.

त्याच परिसरात 561 साली एक लढाई झाली, तिला पुस्तकाची लढाई म्हणतात. आख्यायिका अशी की संत कोलंबानं दुसऱ्याच्या स्तोत्रांच्या पोथीची गुपचूप नक्कल केली, मूळ मालकानं नक्कल मागितली, आणि राजानं निवाडा दिला: जिची गाय तिचं वासरू, ज्याचं पुस्तक त्याची प्रत. त्यावरून माणसं मेली. आयुष्यभर शिक्षकी केलेल्या माणसानं, झेरॉक्सच्या नोट्स डोळ्यांपुढे आणून, त्या माळावर दोन मिनिटं उभं राहायला हरकत नाही.

लिसाडेल हे गोर-बूथ बहिणींचं घर वाटेतच आहे. दक्षिणेकडे उघडणाऱ्या खिडक्या आणि रेशमी किमोनोतल्या दोन मुली, या येट्सच्या ओळी तुम्हाला पाठ असणार. त्यांतली कॉन्स्टन्स ब्रिटिशांविरुद्धच्या 1916 च्या उठावात लढली आणि 1918 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेली पहिली स्त्री ठरली. त्या खुर्चीवर मात्र ती जाऊन बसली नाही. घर खाजगी मालकीचं आहे आणि ठरावीक हंगामातच उघडतं, तेव्हा आधी चौकशी करा.

आता हीनी. माझा सल्ला, या खेपेला त्याला जोडू नका. एक कारण कोरडं आहे. हीनीचं बेलाही गाव उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत येतं. आयर्लंडचा व्हिसा शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसात, धरला जात नाही हे मुलीला माहीत असेलच, पण तो ब्रिटनलाही आपोआप चालत नाही. दोन्हीकडे चालणारी एक संयुक्त योजना भारतीयांसाठी आहे, त्या व्हिसावर बीआयव्हीएस अशी अक्षरं असतात. तुमच्या व्हिसावर ती येतात का हे अधिकृत संकेतस्थळावर पक्कं करा. सीमेवर नाकं नाही, फाटक नाही, कुणी अडवत नाही, म्हणून लोक बिनधास्त जातात आणि कधीतरी अंगाशी येतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्लायगो देखणं आहे, हीनीचा मुलूख तसा देखणा नाही. ओली कुरणं, कुंपणं, चिखल, गुरं. 1939 मध्ये तो मॉसबॉन नावाच्या शेतघरात जन्मला, बाप गुरांचा व्यापारी. त्याच्या ‘डिगिंग’ या कवितेत बाप बटाटे खणतोय, आजोबा जळणासाठी दलदलीतली माती कापतायत, आणि पोरगा खिडकीत लेखणी धरून बसलाय. त्या जागा बघायला नजर वेगळी लावावी लागते, ‘अहाहा’ म्हणायची सवय झालेल्या डोळ्यांना तिथं काहीच दिसत नाही. गावात 2016 मध्ये त्याच्या नावाचं केंद्र उघडलं, जिथं पूर्वी पोलीस ठाणं होतं त्या जागेवर. तिथून लॉख बेगच्या काठाला जाता येतं. पलीकडे ओल्या कुरणांपार चर्चचं शिखर दिसतं, आणि याच काठाच्या नावानं त्यानं उत्तर आयर्लंडमधल्या दहशतीच्या वर्षांत मारल्या गेलेल्या आपल्या नातलगावर विलापिका लिहिली. हे तीन दिवस येट्सच्या नारळाच्या वासात घालवून, चौथ्या दिवशी धावतपळत बघायचं नाही. पुढच्या वर्षी या. मुलगी तिथंच आहे ना?

त्याऐवजी तुमच्याजवळ डब्लिनमध्येच कवी पॅट्रिक कॅव्हना आहे, आणि तो तुमच्या यजमानांसाठी आहे. ग्रँड कॅनॉलच्या काठी, बॅगट स्ट्रीटच्या पुलाजवळ त्याचा कांस्य पुतळा बाकावर बसलाय, हाताची घडी घालून, टोपी शेजारी. गाइड लागत नाही, तिकीट नाही. कॅव्हना शेतकऱ्याचा आणि चांभाराचा मुलगा, मोनाहन परगण्यातल्या इनिसकीनचा. 1931 मध्ये एका मोठ्या लेखकाला भेटायला तो गावाहून डब्लिनपर्यंत सुमारे 80 किलोमीटर चालत आला होता. त्याची ‘एपिक’ नावाची चौदा ओळींची कविता आहे. दोन शेतकरी बांधावरून भांडतायत, इवल्याशा खडकाळ तुकड्यासाठी, एक तर उघडाबंब होऊन पोलादी हत्यारांना न जुमानता उभा आहे. साल 1938, तिकडे युरोपात हिटलरबरोबरच्या म्युनिक कराराचं महाभारत चाललेलं. यातलं महत्त्वाचं कुठलं, असं कवी स्वतःलाच विचारतो. तेव्हा होमरचं भूत येऊन कानाशी कुजबुजतं की मी इलियड असल्याच एका गावच्या भांडणातून केलं. सांगली जिल्ह्यात बांधाची भांडणं काय असतात हे यांना मी सांगायला नको. ती कविता त्यांना वाचून दाखवा, मराठीत सांगितलीत तरी चालेल.

यांचा दुसरा प्रश्न, आपला त्या लोकांशी संबंध काय? त्यांना म्हणावं, बडनेरा. रेल्वेच्या माणसाला जंक्शन सांगितलं की पटतं. तिथं 1882 मध्ये जन्मलेले पुरोहित स्वामी हे आपलेच, मराठी. ते 1930 च्या सुमारास युरोपात गेले, येट्सशी मैत्री झाली. येट्सनं त्यांच्या आत्मचरित्राला प्रस्तावना लिहिली. स्वामींच्या गुरूंनी, भगवान हंसांनी, कैलास-मानससरोवराच्या यात्रेचं वर्णन मराठीत लिहिलं होतं. ते स्वामींनी इंग्रजीत आणलं आणि 1934 मध्ये ते येट्सच्याच प्रस्तावनेसह लंडनमध्ये छापलं गेलं. पुढे मायोर्का बेटावर एका हिवाळ्यात दोघांनी बसून दहा उपनिषदांचं भाषांतर केलं, ते 1937 मध्ये आलं. स्लायगोच्या पऱ्यांमागे फिरणारा माणूस सत्तरीत वऱ्हाडातल्या एका स्वामींबरोबर उपनिषदांतल्या शब्दांशी झटत होता. तुमचा गाइड बहुतेक टागोरांचं नाव घेईल, येट्सनं लिहिलेली ‘गीतांजली’ची प्रस्तावना सगळ्यांना माहीत असते. तेव्हा तुम्ही बडनेऱ्याचं नाव घ्या. बघा कसा वही काढतो.

शिवाय स्लायगोला बसनं नको, रेल्वेनं जा. डब्लिनच्या कॉनली स्थानकातून तीन तासांचा प्रवास आहे. यांना सांगा की आयर्लंडचे रूळ 1600 मिलिमीटरचे आहेत, बाकी युरोपात बहुतेक ठिकाणी 1435, आपले 1676. फलाटावर उतरून ते वाकून बघतील आणि मग तीन दिवस तुम्ही कुठं गेलात याची चौकशी करणार नाहीत.

उच्चारांची धास्ती पहिल्या दिवशी खरी ठरेल, दुसऱ्या दिवशी निम्मी होईल. लॉख, नॉक, ड्रम अशी सुरुवात असलेली नावं वाटेत सारखी येतात. नॉक म्हणजे टेकडी, ड्रम म्हणजे कणा, लांबट उंचवटा. एवढं धरून ठेवलंत तर नकाशा वाचता येतो. आणि न कळलेलं पुन्हा विचारायला लाजू नका. तुम्ही तीस वर्षं दुसऱ्यांना ‘एनी डाउट्स?’ विचारलंय.

बरोबर काय न्यायचं? रबरी तळाचे, घोटा धरणारे बूट, आणि ते मिरजेतच महिनाभर घालून फिरा. पावसाचं जाकीट टोपीसह, छत्री नको, वारा ती उलटी करतो. तिकडे झिमझिम पावसाच्या दिवसाला ‘सॉफ्ट डे’ म्हणतात, त्या लाडिक नावाला भुलू नका. संध्याकाळी सरोवराकाठी बारीक चावरे किडे असतात, पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला. एक टेकायची काठी. जूनमध्ये सूर्य रात्री दहानंतर मावळतो, त्यामुळे गट पांगल्यावरही तुमच्याकडे तीन-चार तासांचा उजेड उरतो. धक्क्यावर पुन्हा जायचं असेल तर तेव्हा जा. जमलं तर 13 जून स्लायगोत गाठा. येट्सचा जन्मदिवस आहे, तो गाव साजरा करतं.

खर्चाबद्दल मी एवढंच विचारीन की यांच्या मोटारसायकलच्या दुरुस्तीचा हिशोब तुम्ही कधी मागितलात का.

राहता राहिला तो बारावीतला मुलगा. ओळी कुठून आल्या ते सांगता येतं. येट्सच्या वडिलांनी त्याला लहानपणी अमेरिकन लेखक थोरोच्या ‘वॉल्डन’ या पुस्तकातले उतारे वाचून दाखवले होते, आणि थोरो तळ्याकाठी एकटा राहायला गेला तेव्हा त्यानं घेवडाच लावला होता. त्याच्या ओळी एकापुढे एक मांडल्या तर सात मैल भरतील, असं तो मोठ्या फुशारकीनं लिहितो. सात मैलांवरून येट्स नऊ ओळींवर आला. स्लिश वुडमध्ये झोप न लागलेल्या पोराला खुरपणी तेवढीच झेपली असती, असं माझं खाजगी मत आहे. तुम्ही हा प्रश्न तिथल्या गाइडला विचारा आणि काय उत्तर देतो ते मला नक्की कळवा. तो मुलगा आता कुठं असतो, पत्ता मिळाला तर त्यालाही.

तुमची,
सदरलेखिका